ट्रेसिंग पेपरवरचं पहिलं महायुद्ध

‘जर्मनीला आपल्या सगळ्या वसाहती गमवाव्या लागल्या.’ पहिल्या महायुद्धाच्या धड्याच्या शेवटाकडे अशा अर्थाचं एखादं वाक्य असतंच. पोरं त्याखाली पेन्सिलने रेघ ओढतात, परीक्षेत एक मार्क घेतात, विषय मिटला. गमावल्या म्हणजे कुणाच्या हातात गेल्या, कुणी कुठं बसून वाटल्या, तिथं राहणाऱ्या माणसाच्या आयुष्यात त्यामुळे काय फरक पडला, यातलं काहीच त्यात नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही हां, त्यांना पानं मोजून मिळतात. पण हे वाक्य वाचून पुढं जायचं म्हणजे मला जेवताना घास अडकल्यासारखं होतं.

म्हणून हा भाग मी नकाशावर शिकवते. फार काही लागत नाही. आफ्रिकेचा आराखडा ए थ्री साइझवर झेरॉक्स करून घ्यायचा, त्यावर 1914 च्या जर्मन वसाहती रंगवायच्या, आफ्रिकेत चारच आहेत, टोगोलँड, कामेरून, नैऋत्य आफ्रिका आणि पूर्व आफ्रिका. पॅसिफिकमधल्या बेटांसाठी वेगळा छोटा कागद, तो आम्ही भरभर उरकतो, कारण विषुववृत्ताच्या वरची जपानला, न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला, सामोआ न्यूझीलंडला, एवढं कळलं की तिथं नकाशा म्हणून करण्यासारखं फार उरत नाही. मग आफ्रिकेवर ट्रेसिंग पेपर ठेवून कोपऱ्यांना सेलोटेप लावायचा आणि त्या पेपरवर 1922 चं चित्र काढायचं.

नियम एकच, आणि त्यात माझ्याकडून सूट नाही. प्रत्येक रेघेपुढे सूचीमध्ये लिहायचं की ती कुठल्या करारातून आली आणि कुठल्या साली. नदीच्या कडेने जाते, डोंगरावरून जाते, ‘अ‍ॅटलासमध्ये अशीच आहे मॅडम’, यातलं काही चालत नाही. आधी कागद दाखव, मग रेघ मार. करारांमधला सीमेचा मजकूर मी साध्या मराठीत उतरवून पट्ट्या करून ठेवल्यात, त्या गटागटांत वाटते.

पहिला तास सगळे खूश असतात कारण रंगवायचंय. गंमत सुरू होते ती ट्रेसिंग पेपर वर-खाली करून बघितल्यावर. सगळ्यांना वाटत असतं की एवढं मोठं युद्ध झालं, म्हणजे सगळा नकाशा उलटापालटा झाला असणार. आणि दिसतं काय, तर नैऋत्य आफ्रिकेच्या रेघा जिथल्या तिथं, पूर्व आफ्रिकेच्या बऱ्याचशा जिथल्या तिथं. फक्त रंग बदललेत. जर्मनीचा रंग जाऊन एकीकडे दक्षिण आफ्रिकेचा आला, एकीकडे ब्रिटनचा.

मागे एका मुलाने हे बघून शांतपणे सांगितलं, ‘म्हणजे मॅडम, फेरफार झालाय, मोजणी नाही झाली.’ घरी शेती असलेला मुलगा, सातबाऱ्यावरची भांडणं लहानपणापासून ऐकत आलेला. मालकाचं नाव बदललं पण बांध हलला नाही, हे त्याने एका दमात सांगून टाकलं. मी तेव्हापासून हीच भाषा वापरते. प्रत्येक गटाने आपल्या तुकड्याबद्दल सांगायचं की तिथं नुसता फेरफार झाला का मोजणीपण झाली.

नुसता फेरफार झालेल्यांत माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे कॅप्रिव्हीची पट्टी. आजच्या नामिबियाचा नकाशा बघा, ईशान्य कोपऱ्यातून एक लांबच लांब बोट पूर्वेकडे गेलंय, साधारण साडेचारशे किलोमीटर. हे असं का, तर 1890 मध्ये ब्रिटन आणि जर्मनीचा करार झाला. त्यात उत्तर समुद्रातलं हेलिगोलँड बेट जर्मनीला मिळालं, झांझिबारवर ब्रिटनला मोकळं रान मिळालं, आणि जर्मन नैऋत्य आफ्रिकेला झांबेझी नदीपर्यंत पोचता यावं म्हणून ही पट्टी जोडून दिली, कुठंही वीस मैलांपेक्षा कमी रुंद नसेल अशी अट घालून. नाव तेव्हाच्या जर्मन चॅन्सेलरचं. नदी मिळाली खरी, पण तिच्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जहाज नेणं शक्य नाही, कारण थोडं पुढं गेलं की व्हिक्टोरिया धबधबा! वर्गात इथं हमखास हशा पिकतो. पण हसून झाल्यावर मी विचारते की युद्धानंतर तरी ही विचित्र पट्टी कुणी सरळ का नाही केली. जर्मनी गेली, तिचं कारण गेलं, मग पट्टी का राहिली? उत्तर असं की सरळ करण्यात कुणाचा फायदा नव्हता, आणि ज्यांचं घर त्या पट्टीत होतं त्यांना विचारायची पद्धतच नव्हती.

दुसरी एक जागा म्हणजे केनिया आणि टांझानियामधली सीमा. किनाऱ्यापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत सरळ जाता जाता किलिमांजारोपाशी ती मध्येच वळसा घेते. नेटवर सगळीकडे गोष्ट फिरते की राणी व्हिक्टोरियाने आपल्या जर्मन नातवाला वाढदिवसाला डोंगर भेट दिला. पोरं हे कुठून तरी वाचून येतातच आणि फार हौसेने सांगतात. मी म्हणते, लिही की सूचीत, करार दाखव. तसा कागद काही सापडत नाही, सापडतो तो 1886 चा करार, ज्यात रेघ डोंगराच्या उत्तर पायथ्याने जाईल असं सरळ कामकाजी भाषेत ठरवलंय. पोरं नाराज होतात. गोष्ट छान होती ना.

आता मोजणी कुठं झाली, तर तिथं खरी मजा आहे आणि तिथंच आमचे सगळ्यात जास्त खोडरबर संपतात.

किओंगा नावाचा एक चिमुकला त्रिकोण आहे, रोवुमा नदीच्या दक्षिणेला. 1894 मध्ये जर्मनीने घेतला होता, व्हर्सायच्या तहात पोर्तुगालला मिळाला. या युद्धातून पोर्तुगालला मिळालेली जमीन म्हणजे एवढीच. ए थ्री कागदावर तो पेन्सिलच्या टोकाएवढा येतो.

पूर्व आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात रुआंडा आणि उरुंडी बेल्जियमला गेले, ब्रिटनचे मिलनर आणि बेल्जियमचे ऑर्ट्स यांच्या 1919 च्या करारात. त्यात एक भानगड झाली. रुआंडाच्या पूर्वेकडचा गिसाका भाग ब्रिटनने स्वतःकडे ठेवून घेतला, का तर केप ते कैरो रेल्वेचं स्वप्न होतं आणि रुळांना जागा हवी होती. राजा मुसिंगाने विरोध केला, तिथल्या मिशनऱ्यांनी पण आवाज उठवला, आणि 1923 च्या सुमारास तो भाग परत रुआंडाला जोडला गेला. ती रेल्वे काही झाली नाही. पण एका न झालेल्या रेल्वेसाठी एका राज्याचा तुकडा काही वर्षं पाडून ठेवला होता, हे पोरांना ट्रेसिंगवर दोनदा खोडल्यावर बरोबर कळतं.

कामेरूनवर तर अख्खा तास जातो. एक तर 1911 मध्ये मोरोक्कोच्या भांडणात फ्रान्सने जर्मनीला शांत करायला म्हणून आपल्या काँगोमधला मोठा भाग देऊन टाकला होता, त्यामुळे 1914 च्या नकाशात कामेरून नेहमीपेक्षा फुगलेलं दिसतं आणि त्याला खाली काँगो नदीपर्यंत आणि उजवीकडे उबांगी नदीपर्यंत पोचणारी दोन टोकं दिसतात. युद्धानंतर ते फ्रान्सने परत आपल्याकडे ओढून घेतलं. उरलेल्या कामेरूनचे दोन वाटे झाले, मोठा फ्रान्सला, आणि नायजेरियाला लागून दोन पट्ट्या ब्रिटनला. त्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्यासुद्धा नाहीत, मध्ये खंड आहे. दरवेळी कुणीतरी येऊन सांगतं की मॅडम, पट्टीवरचा मजकूर अपुरा आहे, रेघ जुळत नाहीये. नाही रे बाळा, ती तशीच आहे.

आणि टोगो. माझं मत विचाराल तर पहिलं महायुद्ध युरोपच्या खंदकांतून शिकवण्यापेक्षा टोगोपासून शिकवावं. तिथं ते ऑगस्ट 1914 मध्येच आटोपलं होतं. पश्चिमेकडून ब्रिटिश, पूर्वेकडून फ्रेंच, 26 ऑगस्टला जर्मनांनी शरणागती दिली, युरोपात अजून मार्नची लढाईपण झाली नव्हती. लगेच तात्पुरता वाटा पडला, त्यात लोमे बंदर ब्रिटिशांकडे. मग 10 जुलै 1919 ला ब्रिटनचे मिलनर आणि फ्रान्सचे सिमॉन यांनी सही करून पक्की रेघ ठरवली. आता बघा, टोगोला किनारा जेमतेम पन्नासेक किलोमीटर, रेल्वेचे सगळे फाटे लोमेहून निघणारे, म्हणजे लोमे ज्याच्याकडे त्याच्याकडे टोगोचं दार. ते फ्रान्सला हवं होतं आणि मिळालं. पश्चिमेची पट्टी ब्रिटनला, म्हणजे त्यांच्याच गोल्ड कोस्ट वसाहतीच्या शेजारी.

त्या करारातला एक तपशील मी मुद्दाम शेवटी सांगते. रेघ कुठल्या नकाशावर मारली? टोगोसाठी श्प्रिगाडेचा 1:200000 चा नकाशा आणि कामेरूनसाठी मॉइसेलचा 1:300000 चा. दोघंही जर्मन नकाशाकार. जर्मनीच्या वसाहती वाटायला बसलेल्यांनी नकाशे जर्मनांचेच वापरले, कारण त्यांच्यापेक्षा चांगले कुणाकडे नव्हतेच. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘वाटणी करायला घराचा प्लॅन पण त्यांच्याकडूनच घेतला.’

या रेघेने काय केलं, ते मात्र हसण्यासारखं नाही. दक्षिणेला एवे भाषा बोलणारे लोक. त्यांचा मोठा भाग जर्मन टोगोत एकत्र होता, बाकीचे आधीपासून गोल्ड कोस्टमध्ये. नव्या रेघेने टोगोतल्या एवेंचेच दोन भाग पाडले. शेत इकडे, बाजार तिकडे. उत्तरेला नेमकं उलटं झालं. दागोम्बा लोकांचं राज्य जर्मन-ब्रिटिश वाटणीत आधीच चिरलं गेलं होतं, राजाची गादी येंडीला, ती जर्मन बाजूला, आणि तमालेकडचा भाग ब्रिटिशांकडे. 1919 च्या रेघेत येंडी ब्रिटिशांकडे आलं आणि राज्य पुन्हा एका झेंड्याखाली आलं. तीच रेघ, तेच दोन सही करणारे, एका टोकाला घर तोडलं आणि दुसऱ्या टोकाला जोडलं. सोयीने आखलेल्या रेघा वाईटच असतात असं एकदा ठरवून टाकलं की विचार करायचं काम संपतं, म्हणून येंडी मी कधी गाळत नाही.

रंगाचा एक वाद दरवर्षी होतो आणि तो मी मुद्दाम होऊ देते. हे सगळे प्रदेश युद्धानंतर कागदोपत्री कुणाच्या मालकीचे नव्हते. लीग ऑफ नेशन्सच्या सनदेतल्या 22 व्या कलमानुसार ते ‘मॅन्डेट’, म्हणजे तिथले लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहायला तयार नाहीत असं गृहीत धरून प्रगत देशांनी लीगच्या वतीने सांभाळायचे. वर्षाला जिनिव्हाला अहवाल पाठवायचा. त्यातही अ, ब, क असे वर्ग, इराक-सीरियासारखे अ मध्ये, टोगो, कामेरून, टांगानिका (म्हणजे ब्रिटनकडे आलेली पूर्व आफ्रिका) ब मध्ये, आणि नैऋत्य आफ्रिका क मध्ये, जिथं राज्य करणाऱ्याने तो आपल्याच देशाचा भाग समजून कारभार करावा. आता हे रंगवायचं कसं? अर्धा वर्ग म्हणतो भरीव रंग द्या, राज्य त्यांचंच आहे ना. अर्धा म्हणतो नाही, तिरप्या रेघा, कारण अहवाल द्यावा लागतो, नियम आहेत. एकदा एका मुलीने अ ला विरळ रेघा, ब ला दाट आणि क ला भरीव रंग दिला, आणि खाली सूचीत लिहिलं, ‘क वर्ग: फक्त नावाला मॅन्डेट.’ नैऋत्य आफ्रिका स्वतंत्र झाली 21 मार्च 1990 ला. तोपर्यंत सचिन टेस्ट खेळायला लागला होता. तिची सूची बरोबर होती.

आता एक गोष्ट, जी सांगायला मला आवडते आणि थोडं अवघडही वाटतं. जर्मन पूर्व आफ्रिका भारताला मिळावी अशी मागणी झाली होती. आणि ती मांडणाऱ्यांत एक नाव आहे गोपाळ कृष्ण गोखले. फेब्रुवारी 1915 मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, मुंबईचे गव्हर्नर विलिंग्डन यांच्या सांगण्यावरून त्यांनी राजकीय सुधारणांचा एक मसुदा लिहिला. 1917 मध्ये तो आगाखानांनी प्रसिद्ध केला. त्याच्या शेवटी आहे की पूर्व आफ्रिका जर्मनीकडून जिंकली गेली तर ती भारतीयांच्या वसाहतीसाठी राखून हिंदुस्थान सरकारच्या ताब्यात द्यावी.

हे सांगितल्यावर वर्ग पहिल्यांदा गप्प होतो आणि मग एकदम सगळे बोलायला लागतात. आपले गोखले? कोतळूकचे, गांधीजींचे गुरू? हो, तेच. मग मी थोडी बाजू सांगते. 1912 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते, तिथं भारतीयांना कसं वागवतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. परत येताना पूर्व किनाऱ्याने आले, झांझिबारपर्यंत गांधीजी सोबत होते, त्या किनाऱ्यावर भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. साम्राज्यात सगळीकडे आपल्या माणसाला दार बंद, तर एक तरी दार आपलं असावं, असा विचार असेल. शिवाय नोव्हेंबर 1914 मध्ये तिथल्या टांगा बंदरावर जे सैन्य उतरवलं ते मुंबईहून जहाजांत बसून गेलं होतं, आठेक हजार, आणि हजारेक जणांच्या जर्मन तुकडीपुढे त्यांची वाताहत झाली, त्यात भर म्हणजे लढाई चालू असताना मधमाश्या उठल्या. रक्त आपलं सांडलं, तर वाटा का नको, हाही सूर होताच.

पण या सगळ्यात टांगानिकातल्या माणसाला कुणी विचारलं? लंडनने नाही, बर्लिनने नाही, आणि आपल्याकडूनही नाही. वर्गात दोन तट पडतात आणि मी निकाल देत नाही. फक्त एक वेगळा ट्रेसिंग देते आणि सांगते की न झालेला नकाशा काढा, त्यात टांगानिकाला हिंदुस्थान सरकारचा रंग द्या आणि मग एक मिनिट बघत बसा. स्वतःच्या हाताने तो रंग भरताना जे होतं ते माझ्या भाषणाने होत नाही. एक मुलगा रंग भरायलाच तयार नव्हता. शेजारच्याने त्याचा खडू घेऊन भरला.

सगळ्यात शेवटी 1960 चा थर. ब्रिटिश टोगोलँडमध्ये 9 मे 1956 ला मतदान झालं, साधारण 58 टक्के लोकांनी गोल्ड कोस्टबरोबर जायचं म्हटलं, दक्षिणेकडच्या एवे भागातला कल मात्र उलटा होता. पुढच्या वर्षी त्याचाच घाना झाला. लोमे आजही इतकं सीमेला टेकलेलं आहे की शहर संपतं तिथंच घाना सुरू होतो. ब्रिटिश कामेरूनमध्ये फेब्रुवारी 1961 मध्ये मतदान झालं, त्यातून उत्तरेचा भाग नायजेरियाकडे गेला, दक्षिणेचा कामेरूनकडे. म्हणजे कामेरूनच्या पोटात इंग्रजी शिकलेला एक भाग आला, आणि त्या भागाचं बाकी देशाशी जे बिनसलंय ते 2016 पासून रक्तपातापर्यंत गेलंय.

आणि बकासी. हे द्वीपकल्प कामेरून-नायजेरियाच्या सीमेवर समुद्राकडे आहे. ब्रिटन आणि जर्मनीने मार्च 1913 मध्ये त्याची रेघ ठरवली होती. युद्धानंतर रेघेच्या दोन्ही बाजूंना ब्रिटनच आला, त्यामुळे ती झोपून राहिली, कुणाला तिचं काही पडलेलं नव्हतं. 1961 नंतर दोन्ही बाजूंना दोन देश आले, पुढे तेलाचा वास आला आणि ती जागी झाली. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2002 मध्ये निकाल दिला तो त्या 1913 च्या कागदावर, बकासी कामेरूनची. तिथं राहणारे बरेचसे स्वतःला नायजेरियन समजणारे. ज्या जर्मनीने सही केली होती तिचं ते साम्राज्यसुद्धा शिल्लक नव्हतं, पण कागद चालला. माझा ‘कागद दाखव’ नियम पोरांना इथपर्यंत नुसता मॅडमचा हट्ट वाटत असतो, बकासीनंतर कुरकुर कमी होते.

या पद्धतीत काय खटकतं तेही सांगते. वरून बघत बसलं की आपणही नकळत मिलनरच्या खुर्चीत बसतो. पोरं ‘हा भाग फ्रान्सला देऊया’ असं बोलायला लागतात, खेळ असल्यासारखं. त्यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. एवढंच करते की प्रत्येक गटातल्या एकाने नकाशाला हात न लावता फक्त त्या रेघेवर राहणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी बाजूने प्रश्न विचारायचे. बाजार कुठं भरतो, पाहुणे कुठले, कर कुणाला द्यायचा. कधी जमतं, कधी तो पोरगा कंटाळून रंगवायला बसतो.

पुढची तयारी इराकची चालू आहे. आमच्या भागात काही गावांत अजून त्या संगमरवरी पाट्या आहेत, या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके परत आले नाहीत. त्यातले बरेच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. कूतच्या वेढ्यात अडकलं ते सहावं पूना डिव्हिजन, त्यात मराठा पलटणी होत्या, आणि 29 एप्रिल 1916 ला तिथं शरणागती झाली. पोरांना तिथून सुरुवात करायचीये, साहजिक आहे. पण आफ्रिकेत फेरफार जास्त आणि मोजणी कमी होती, तिकडे बरोबर उलटं. ऑटोमन काळात बसरा, बगदाद, मोसुल हे वेगळे प्रांत, देश म्हणून रेघच नाही. ब्रिटन-फ्रान्सच्या 1916 च्या गुप्त करारात मोसुल फ्रान्सच्या बाजूला, मग युद्ध संपल्यावर ब्रिटनच्या, 1920 मध्ये सान रेमोच्या परिषदेत मॅन्डेट ठरले, तुर्कस्तानने मोसुलवरचा हक्क सोडला तो 1926 मध्ये, आणि सीरियाच्या बाजूची रेघ ठरवायला लीगचा आयोग 1932 मध्ये जातो. म्हणजे एका ट्रेसिंग पेपरवर भागणारच नाही, चार तरी लागतील, आणि चार थर एकावर एक ठेवले की खालचं काही दिसत नाही. ओएचपीच्या, म्हणजे जुन्या प्रोजेक्टरवर ठेवायच्या पारदर्शक शीट मिळाल्या तर बरं होईल, स्टेशनरीवाला म्हणतो हल्ली त्या कुणी मागत नाही, पण मागवून देतो.